पंखा का घरघरतो?

(कॉटन ग्रीन येथे वस्तीतल्या महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी कायद्यावर बोलणार नाही. आपल्या केंद्रातल्या लॅपटॉपच्या पंख्यावर बोलणार आहे. हसू नका. या पंख्यापायी एका बाईला आपली कहाणी दोनदा सांगावी लागली.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एक मैत्रीण नवऱ्याच्या मारहाणीबद्दल सांगायला आली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करायचा होता, म्हणून मी तिचं म्हणणं टाइप करत होते. आपली खोली केवढी, ती तुम्हाला ठाऊक आहे. मध्ये फळ्यांचं पार्टिशन, पलीकडे शेजारी. ती हळू बोलत होती आणि पंखा इतका घरघरत होता की मी पुन्हा पुन्हा "काय म्हणालीस?" विचारत होते. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती गप्पच झाली. मोठ्यानं कशी सांगणार? तेवढ्यात लॅपटॉप तापून बंद पडला. अर्धा मजकूर गेला. पुढच्या आठवड्यात तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

मी लॅपटॉप दुरुस्तीला नेला. उघडूनही न पाहता उत्तर मिळालं, "मदरबोर्ड गेलाय, आठ हजार होतील." दोन दिवस तो दुकानात होता. घरी आल्यावर लक्षात आलं की आत आपल्याकडे आलेल्या सगळ्या बायकांची नावं, पत्ते, जबान्या आहेत आणि पासवर्डसुद्धा नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. ही चूक माझी, आणि ती मी इथे मुद्दाम सांगते आहे.

मग ठरवलं, आपणच बघू. चाळीतली पोरं म्हणाली, "मावशी, तुम्ही हात लावू नका." अगं, आपण स्टोव्हला पिन मारली, शिलाई मशीनला तेल घातलं, कुकरची शिट्टी साफ केली. त्याला कुणी दुरुस्ती म्हणालं नाही, एवढंच.

आता नीट ऐका. लॅपटॉपच्या आत काम करणारा भाग तापतो. ती उष्णता तांब्याच्या नळीतून पातळ पत्र्यांच्या जाळीत येते आणि पंखा त्या जाळीतून हवा बाहेर फेकतो. उष्णता वाढली की पंखा जोरात फिरतो. म्हणजे पंखा ओरडतो तेव्हा बहुधा तीनपैकी एक गोष्ट असते : हवेची वाट बंद झालेली असते, मशीनवर कामाचा बोजा असतो, किंवा पंखाच झिजलेला असतो.

पहिलं, लॅपटॉप ठेवलाय कुठे ते बघा. आपला गोधडीच्या घडीवर असायचा. बहुतेक लॅपटॉप खालून हवा ओढतात. गोधडीनं तोंडच दाबलं जातं. पाटावर ठेवा.

दुसरं, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. विंडोज असेल तर टास्क मॅनेजर उघडतो. आपण काहीच करत नसताना कोण राबतंय, ते तिथे दिसतं. इंटरनेटची वीस पानं उघडी असतील तर बंद करा. अपडेट चालू असेल तर पुरं होऊ द्या.

तिसरं, कचरा. वॉरंटी असेल तर उघडू नका. नसेल तर आधी फायली पेनड्राइव्हवर घ्या आणि तो कुलपात ठेवा. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. मागचे स्क्रू काढाल तसे कागदावर क्रमानं मांडा, कारण सगळ्यांची लांबी सारखी नसते. आत गेल्यावर आधी बॅटरीची जोडणी सोडवा. पंख्याचं पातं बोटानं धरून मऊ ब्रशनं झाडा. हवा मारताना पातं गरगरू देऊ नका, पंखा खराब होतो.

आपल्या लॅपटॉपमध्ये काय निघालं? पंखा आणि जाळीच्या मध्ये नमद्यासारखा तंतूंचा थर. आपल्याच शिवणवर्गाचा! चिमटीनं उचलला तर अख्खा हातात आला. पंखा शांत झाला. साफ करूनही खरखर राहिली असती तर पंखा बदलायचा. आवाज नाही पण ताप आहे, असं असतं तर आतली थर्मल पेस्ट सुकली असावी. ते काम माहीतगाराकडून, पण आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यायचं.

तो थर हातात घेऊन मी बराच वेळ बसले. आपल्या स्टेशनचं नावच कापसावरून पडलंय. माझे वडील गिरणीत कार्डिंग खात्यात होते. सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्याच दिवशी त्यांची छाती आवळायची. घरात सगळे म्हणायचे, विडी सोडा. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या या आजाराला बिसिनोसिस म्हणतात आणि तेव्हाच्या कारखाना कायद्याच्या यादीत तो होता, हे मला १९८२ च्या संपानंतर कितीतरी वर्षांनी कळलं. तोवर वडील गेले होते. त्यांच्या खोकल्याची आम्हाला सवय झाली होती. या पंख्याच्या आवाजाचीही मला तशीच सवय झाली होती.

तेव्हा तीन गोष्टी आजच ठरवू. लॅपटॉपला पासवर्ड. जबानी घेताना दर पाच मिनिटांनी मजकूर सेव्ह. आणि दर तीन महिन्यांनी सफाई, पाळीपाळीनं. पहिली पाळी माझी. शेजारी बसून शिकायला दोघीजणी हव्यात. कोण येतंय?