स्वागताध्यक्षीय भाषण: तप्त वाफेतील इंधनावरण



१९६९ साली ज्या तारापूरच्या किनाऱ्यावर या देशातील पहिल्या अणुविद्युत्केंद्राने व्यापारी वीजनिर्मितीस आरंभ केला, तेथे स्वागतसमितीच्या वतीने मी आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. आणि रिवाजाप्रमाणे स्थलमाहात्म्य न वर्णिता, ज्या पातळ नळीसाठी आपण एवढा प्रवास केलात तिच्याविषयीच चार शब्द बोलण्याची परवानगी मागतो.

एक मिलिमीटरहूनही कमी जाडीची, झिर्कॅलॉय या झिर्कोनियमच्या मिश्रधातूची ही इंधनावरणाची नळी, शीतकाचा पुरवठा तुटताच तापू लागते, वाफेतील प्राणवायू शोषते, हायड्रोजन मोकळा करते, आणि या विक्रियेची उष्णता तिच्या तापात आणखी भर घालते. थ्री माइल आयलंड येथील १९७९ सालच्या आणि फुकुशिमा येथील २०११ सालच्या अणुभट्टी-अपघातांत जगाने ते पाहिले. परंतु नळीची खरी कसोटी लागते ती तप्त इंधनावर थंड पाण्याचा लोंढा येतो तेव्हा. बाहेर ऑक्साइडचा थर, त्याखाली प्राणवायूने भारलेला आल्फा रूपातील धातूचा थर, आणि यांच्या आत बीटा रूपातील जो धातू उरला असेल, त्याच्याच भरवशावर ती त्या वेळी अभंग राहावयाची असते. त्या बीटातही प्राणवायू मुरला असेल, तर ती काचेसारखी फुटते.

अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेत संशोधक हॉब्सन यांनी वाफेत तापविलेल्या नळ्यांची वलये कापून ती सावकाश दाबली, तेव्हा ऑक्सिडीकरण समप्रमाणात होऊनही अधिक तापमानातील वलय अधिक ठिसूळ ठरले. कारण ताप चढतो तशी बीटाची प्राणवायू सामावण्याची क्षमताही वाढते. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने प्रदीर्घ सुनावणीअंती १९७३ साली १२०४ अंश सेल्सिअस तापमानाची आणि १७ टक्के ऑक्सिडीकरणाची जी कमाल मर्यादा मुक्रर केली, तिच्या मुळाशी ही वलये आहेत. वितळणबिंदू कितीतरी वर असता एवढ्या खाली रेषा आखणाऱ्यांविषयी मला नितांत आदर वाटतो.

मात्र ती वलये कोऱ्या नळ्यांची होती. अणुभट्टीत वर्षानुवर्षे राहिलेली नळी हायड्रोजन शोषून बसलेली असते. त्यायोगे बीटात प्राणवायू अधिक मुरतो, आणि अमेरिकेतीलच आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील प्रयोगांनी दाखविल्याप्रमाणे, १७ टक्क्यांच्या पुष्कळ अलीकडेच ती आपला चिवटपणा गमावू शकते. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की, येथे सादर होणाऱ्या प्रत्येक निबंधात तापमान व कालावधी यांबरोबरच नमुन्यातील हायड्रोजनचे प्रमाण आणि तो थंड करण्याची तऱ्हा, हाही तपशील नमूद असावा. त्यावाचून एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या दप्तरी दाखल करून घेता येत नाही.

अध्यक्षमहाराजांनी आता परिषदेचे कामकाज सुरू करण्याची आज्ञा द्यावी.