विजयदुर्गावरचा 'सर' आणि राजा आर्थर

आजचा भाग दुरुस्तीचा आहे.

मागच्या ऑगस्टमध्ये याच पॉडकास्टवर मी छाती फुगवून सांगितलं होतं की हेलियमचा शोध आपल्या सिंधुदुर्गात, विजयदुर्ग किल्ल्यावर लागला. १८ ऑगस्ट १८६८, खग्रास सूर्यग्रहण, नॉर्मन लॉकियर नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ, त्याने दुर्बीण लावायला बांधलेले 'सायबाचे ओटे'. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो भाग पुढे पाठवला. माझ्या मामाने तर विजयदुर्गच्या अर्ध्या गावाला ऐकवला. मामा पर्यटकांना किल्ला दाखवतो आणि त्याच्या फेरीचा शेवट त्या ओट्यांवरच होतो.

त्या भागातली तारीख चुकीची आहे. आणि तारीख चुकली की तिच्यावर उभं केलेलं बरंच काही खाली येतं.

ही चूक मला सापडली कुठे, तर राजा आर्थरच्या गोष्टीत. हसू नका, सांगतो.

मी दिवसा पुण्यात सर्व्हर सांभाळतो आणि रात्री मोबाइलवर गेम खेळतो. त्या गेममध्ये आर्थर आहे, जादूगार मर्लिन आहे, लान्सलॉट आहे, चिलखत घातलेले घोडेस्वार नाइट आहेत. म्हटलं, या मंडळींवर एक भाग करू. वाचायला बसलो आणि पहिल्याच रात्री कळलं की ज्याला आपण 'जुनी ब्रिटिश दंतकथा' म्हणतो ती वेगवेगळ्या काळातल्या लोकांनी थर चढवत नेलेली आहे. आर्थर जर कोणी होता, तर तो पाचव्या-सहाव्या शतकातला. त्याचं सविस्तर चरित्र लिहिलं जेफ्री ऑफ मॉनमथ नावाच्या धर्मगुरूने, ११३६ च्या सुमारास. म्हणजे मध्ये सहाशे वर्षं. कॅमलॉट ही राजधानी जेफ्रीकडे नाहीच. ती आली त्यानंतर काही दशकांनी, क्रेतियें द ट्रॉय या फ्रेंच कवीकडून. लान्सलॉटला मोठा केला तोही याच फ्रेंच माणसाने. इंग्लंडचा सगळ्यात गाजलेला नाइट फ्रान्समध्ये घडला, हे कळल्यावर मला जरा बरंच वाटलं.

यातली एक जागा मला सोडवेना: टिंटाजेल. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरचं, समुद्रात घुसलेलं खडकाळ टोक. फोटो बघताना मालवणच्या माणसाला घरची आठवण येते, फक्त माड नाहीत. जेफ्री सांगतो की तिथल्या सरदाराच्या बायकोवर राजा उथरचं मन बसलं आणि मर्लिनने उथरला त्या सरदाराचं रूप दिलं. तो नवरा बनून आत शिरला, आणि पुढे आर्थर जन्माला आला. इंद्र आणि अहल्येची गोष्ट ऐकलेल्या आपल्याला यात नवीन काही नाही. नवीन आहे ते पुढचं. जेफ्रीनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १२३३ मध्ये, राजाचा धाकटा भाऊ रिचर्ड याने ती जागा मिळवली आणि तिथे किल्ला बांधला. लष्करीदृष्ट्या त्याचा फारसा उपयोग नव्हता. गोष्ट प्रसिद्ध होती, म्हणून किल्ला झाला! आपल्याकडे शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला तो सिद्दी आणि फिरंग्यांवर जरब बसवायला. गोष्टी नंतर आल्या. तिथे क्रम उलटा.

ग्लास्टनबरीच्या मठाचं तर विचारूच नका. ११८४ मध्ये मठ जळाला, बांधायला पैसा हवा, आणि ११९१ मध्ये तिथल्या साधूंना आवारात आर्थरची कबर 'सापडली'. योगायोग बघा, विजयदुर्गाची पहिली बांधणी ज्या शिलाहार राजा दुसऱ्या भोजाच्या नावावर सांगतात, तोही याच सुमाराचा.

आता मुद्द्याचं. जेफ्रीच्या पुस्तकात आणखी एक जागा आहे, स्टोनहेंज. मोठमोठ्या उभ्या शिळांचं ते वर्तुळ. जेफ्री म्हणतो, ते दगड मर्लिनने आयर्लंडहून आणले. मग या दगडांचं खरं वय कोणी काढायचा प्रयत्न केला ते शोधत गेलो, तर उत्तर आलं: सर नॉर्मन लॉकियर, १९०१. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य जिथे उगवतो ती दिशा त्याने मोजली आणि गणित मांडलं.

मी मोबाइल खाली ठेवला. लॉकियर? आमचा? ओट्यांवरचा?

तोच. आणि हो, तो खरोखरचा 'सर' होता. १८९७ मध्ये त्याला नाइट केलं गेलं. म्हणजे समुद्रकाठचा किल्ला आणि त्यात येऊन गेलेला एक नाइट, हे सगळं माझ्या मामाच्या गावात होतं आणि मी कॉर्नवॉलमध्ये शोधत होतो.

मग मी या माणसाचं आयुष्य तारखांनिशी लावायला घेतलं, आम्ही सर्व्हरचे लॉग लावतो तसं. आणि पहिल्याच ओळीला अडकलो. १८६८ मध्ये लॉकियर लंडनच्या वॉर ऑफिसात कारकून होता, फावल्या वेळात आकाश बघायचा. १८ ऑगस्टच्या ग्रहणासाठी तो हिंदुस्थानात आलाच नव्हता. आला होता जान्सेन नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ, तोही गुंटूरला, आंध्रात. इंग्रजांतर्फे लेफ्टनंट हर्शेल जमखंडीला होता, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात. जान्सेनने सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा प्रकाश स्पेक्ट्रोस्कोपमधून पाहिला, आणि त्या रेषा इतक्या ठळक होत्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याला दिसल्या. लॉकियरने हेच काम २० ऑक्टोबर १८६८ ला इंग्लंडमध्ये, स्वतःच्या दुर्बिणीतून केलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली आणि फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं. त्या प्रकाशात एक पिवळी रेघ होती, पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी न जुळणारी. तिला पुढे हेलियम नाव पडलं. तो वायू पृथ्वीवर हाती लागायला १८९५ उजाडलं.

मग विजयदुर्ग कुठून आलं? रॉयल सोसायटीकडे गेलेला एक अहवाल सापडला. त्याच्या शीर्षकातच विजयदुर्ग आहे, इंग्रजी धाटणीने 'विझियाद्रुग' असं लिहिलेलं. तारीख २२ जानेवारी १८९८. त्या दिवशीही खग्रास ग्रहण होतं, आणि ते बघायला लॉकियर स्वतः विजयदुर्गला आला होता, 'मेल्पोमेनी' नावाच्या आरमारी जहाजाच्या मदतीने. जहाजावरच्या अधिकाऱ्यांना आणि खलाशांना निरीक्षणाची कामं वाटून दिली होती. खग्रास स्थिती दोनेक मिनिटांची. त्याच दिवशी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक नेगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला दुर्बीण लावून बसले होते. त्यांच्यावर वेगळा भाग करणार आहे, तो माणूस आपण फारच विसरलोय.

म्हणजे साहेब खरा, किल्ला खरा, ग्रहण खरं. साहेबाचं मोठं काम १८६८ चं आणि साहेबाची विजयदुर्गची फेरी १८९८ ची. दोन्हीकडे खग्रास ग्रहण, दोन्हीकडे तेच नाव. कोणीतरी दोन नोंदी एक केल्या आणि मधली तीस वर्षं डिलीट झाली. मी तपासलं नाही, तसंच वाचून दाखवलं.

हे मला आधीच लक्षात यायला हवं होतं. आईला सांगितलं तर तिने कांदा चिरता चिरता विचारलं, "ऑगस्टात? हयसर? सूर्य बघूक?" कोकणात ऐन श्रावणात ज्याला सूर्य बघायचाय त्याने आधी छत्री आणावी. जानेवारी म्हणजे स्वच्छ आकाश, आंब्याला मोहोर. शेवटी ज्या शंकेसाठी मला रॉयल सोसायटीपर्यंत जावं लागलं ती आईला भाजी करताना आली.

पुढचं सांगायला मात्र जीभ जड होते. मामाच्या शेजारी आठवीतली एक मुलगी राहते. विजयदुर्गला १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो, तर त्या निमित्ताने तिने शाळेत माझा भाग ऐकून, पाठ करून भाषण केलं आणि पहिलं बक्षीस आणलं. मी जानेवारीत गेलो, मामाच्या पडवीत बसून सगळ्यांना खरी तारीख सांगितली. ती उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, "मग दादा, बक्षीस परत द्यायचं का?"

मी म्हटलं, नको, भाषण तू चांगलंच केलं असणार, चूक माझी आहे. ती काही बोलली नाही. आत जाऊन वही घेऊन आली आणि म्हणाली, "परत सांगा. हळू."

मामा मात्र भडकला होता. "तू हेलियम काढून घेतलंस तर माझ्या फेरीत उरला काय? लोक त्याच्यासाठी येतत." त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. पाण्याखालची भिंत, आंग्र्यांचं आरमार, १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्हने घेतलेला किल्ला, हे सगळं तो सांगतोच. पण जगात पहिल्यांदा इथे काहीतरी सापडलं, असं म्हणताना त्याचा आवाज बदलतो. मी ऐकलाय तो.

मी त्याला टिंटाजेल सांगितलं. तिथे उत्खनन झालं, आर्थर काही मिळाला नाही, पण पाचव्या-सहाव्या शतकातली, थेट भूमध्य समुद्राकडून आलेली मातीची भांडी मिळाली. म्हणजे त्या खडकावर कोणीतरी बडा माणूस खरंच राहत होता, आणि त्याच्याकडे लांबून जहाजं येत होती. जेफ्रीचं स्टोनहेंजही तसंच. आयर्लंड चुकीचं, पण तिथले लहान निळसर दगड दोनशेहून जास्त किलोमीटरवरून, पश्चिमेच्या वेल्समधून आणलेत, हे विसाव्या शतकात सिद्ध झालं. आणि आमच्या साहेबाचं गणित? त्याने इसवी सनापूर्वी १६८० हा आकडा काढला होता. आज पुरातत्त्ववाले मोठ्या शिळांसाठी त्याच्या मागे आठशे वर्षं जातात. सायबाचीही तारीख चुकली होती. हे ऐकून मामा पहिल्यांदा हसला.

"म्हणजे सायब इलो होतो, ह्या खरा ना?"

"हो."

"ह्या किल्ल्यात? जहाज घेवन?"

"हो."

"मग तू तारीख बदल. सायबाक कित्याक पळवतंस?"

जुन्या भागाच्या सुरुवातीला मी आता दुरुस्ती जोडली आहे. तो काढून टाकलेला नाही. ज्यांनी ऐकलाय त्यांना कुठे काय चुकलं ते दिसलं पाहिजे.

मागच्या महिन्यात पुन्हा विजयदुर्गला गेलो होतो. मामाच्या मागोमाग, कोल्हापूरहून आलेल्या एका कुटुंबात मिसळून, मी ओट्यांपर्यंत चाललो. मामाने सगळं बरोबर सांगितलं. २२ जानेवारी १८९८, साहेब एकसष्ट वर्षांचा, नुकताच 'सर' झालेला, खलाशी कामाला लावलेले. हेलियमची रेघ त्याने त्याआधी तीस वर्षं विलायतेत पाहिली होती, हेही सांगितलं. मी खूश. तेवढ्यात मामा ओट्यावर हात ठेवून म्हणाला, "आणि ग्रहण सुटल्यावर माझ्या पणज्यान सायबाक शहाळा सोलून दिल्यान, हयच."

ते कुटुंब पुढे गेल्यावर मी मामाला गाठलं. "ह्या खय लिवलेला आसा?"

"खयच नाय," मामा म्हणाला. "आता तू लिव."