हूड मुले आणि समुद्राचा काठ



सिंगरेणीच्या कोळशावर वाढलेल्या या बेल्लमपल्लीत, समुद्रापासून इतक्या दूर, किनाऱ्यावरील मासेमारीविषयी बोलावे, आणि तेही मठाच्या मंडपात, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु विषय मुख्यतः मुलांचा आहे. जी शाळेत टिकत नाहीत, घरी कोणास जुमानीत नाहीत, ज्यांना आपण ‘द्वाड’ म्हणून मोकळे होतो, अशा मुलांना कोकणच्या किनाऱ्यावर काय गवसते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

मालवणच्या बाजूस रापण नावाची जुनी मासेमारी आहे. यांत्रिक नौकांच्या जाळ्यांपुढे ती आता क्षीण झाली असली, तरी नाहीशी झालेली नाही. दोराचे एक टोक वाळूवर ठेवून होडी निघते, जाळे सोडीत अर्धवर्तुळ करते आणि दुसरे टोक घेऊन काही अंतरावर किनाऱ्यास लागते. मग दोन्हीकडे माणसांच्या रांगा दोर ओढू लागतात. एका रांगेने उतावीळ केली वा ढिलाई केली, की जाळे वाकडे होते आणि मासळी निसटते. उपदेशाला विटलेल्या मुलास येथे उपदेश करावाच लागत नाही. पुढच्याचा आणि मागच्याचा जोर त्याच्या तळहातांना कळतो. आपल्यापैकी ज्यांनी खाणीत काम केले आहे, त्यांना याचा अर्थ फोडून सांगावयास नको.

शेवटी तारली, बांगडा, जे लाभेल त्याचे वाटे होतात. या वाट्याविषयी माझे मत आग्रहाचे आहे. मुलाने सकाळी शिवी दिली म्हणून दुपारी त्याचा वाटा कापू नये. शिवीचा जाब शिवीपाशी घ्यावा. कष्टाचा वाटा त्याचा आहे. अशा पुष्कळ मुलांना हक्काचे असे काही आयुष्यात प्रथमच मिळत असते.

गरवणे ही दुसरी पायरी. तंगुसाला शिसे, गळाला कोळंबीचा तुकडा, आणि मग वाट पाहणे. रागीट हातात पहिल्याच दिवशी टोकदार गळ देणे शहाणपणाचे नव्हे, म्हणून आधी दोर. येथे भरतीचे गणित लागते. तिथीची पाऊणपट केली, की कोकण किनाऱ्यावरील भरतीचा तास अजमासे निघतो : चतुर्थीस 3, अष्टमीस 6. पाढे म्हटले की वर्गातून पळणारा एक तेरा वर्षांचा मुलगा तिसऱ्या दिवशी सर्वांसाठी हा हिशेब करू लागला. गुरुजींना उलट बोलणारा तो, भरतीशी मात्र हुज्जत घालीत नसे.

मोठ्यांनी कठोर व्हावे ते सुरक्षिततेच्या बाबतीत. समुद्राकडे पाठ करू नये, शेवाळलेल्या खडकावर चढू नये, पावसाळ्यात तर हा उद्योगच नको. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा खडकाळ कडा टाळाव्यात. शिंगाळ्याचा काटा विषारी असतो. तो लागल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावी आणि वैद्याकडे न्यावे. तुटलेला तंगूस किनाऱ्यावर टाकून येऊ नये. त्यात पक्षी अडकतात.

हिंसेचा प्रश्न आपल्या मनात आला असेल, आणि तो यावाच. महाभारताच्या वनपर्वात कौशिक ब्राह्मण धर्म शिकण्यासाठी मिथिलेतील मांसविक्रेत्या व्याधाकडे जातो, एवढे स्मरण पुरे. तथापि खाण्यापुरतेच ठेवावे, लहान मासा ओल्या हाताने परत सोडावा. ज्याच्या घरी मत्स्याहार वर्ज्य आहे त्याला गळ धरावयास लावू नये. तो भरती मोजील, दोर गुंडाळील. आणि शिक्षा म्हणून तर कोणासही तेथे नेऊ नये.

संक्रांतीच्या सुटीच्या सुमारास कोकणचा समुद्र बहुधा शांत असतो. पाच-सहा मुले आणि पोहता येणारी दोन जाणती माणसे, एवढे प्रथम पुरे. रापणकरांस आधी विचारून जावे. मुलांची निवड करताना चांगल्या वर्तणुकीची अट मात्र कृपा करून घालू नका. नाहीतर ज्यांच्यासाठी जावयाचे, नेमकी तीच घरी राहतील.