दोन जीन्स चुकून जोडले जातात तेव्हा

मी कोड लिहिणारा माणूस, डॉक्टर नाही. पण मावशीच्या रिपोर्टमध्ये ‘फ्यूजन’ हा शब्द दिसला आणि रात्रभर वाचत बसलो. त्याआधी घरात सगळे म्हणत होते, फायब्रॉइडच असेल.

गर्भाशयाचा एक दुर्मिळ कॅन्सर आहे, एंडोमेट्रियल स्ट्रोमल सार्कोमा. त्याच्या एका आक्रमक प्रकारात १० आणि १७ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे तुटून एकमेकांना जोडले जातात. म्हणजे बघा, दोन फाइल्स अर्ध्या कापून चिकटवल्या, आणि वाईट म्हणजे तो कोड चालतो! वायडब्ल्यूएचएई-एनयूटीएम२ हे ते फ्यूजन. २०१२ मध्ये त्याची ओळख पटली. त्यातून बनणारं प्रोटीन पेशीला वाढतच ठेवतं.

सौम्य प्रकारात बऱ्याचदा दुसरंच फ्यूजन असतं, जेएझेडएफ१-एसयूझेड१२. तिथे हार्मोन रोखणारी औषधं अनेकदा कामी येतात. आक्रमक प्रकारात सहसा नाही. तिथे किमोचा विचार होतो.

घाबरू नका, बहुतेक फायब्रॉइड साधेच असतात. पण पाळी बंद झाल्यावर रक्त गेलं, तर आईला, मावशीला डॉक्टरकडे न्याच. आणि रिपोर्टमध्ये ‘सार्कोमा’ आलंच, तर एक प्रश्न विचारा: “फ्यूजन टेस्ट करायची का?”

आम्ही तो उशिरा विचारला. तुम्ही वेळेत विचारा.