दावा आणि मी एका वयाचे

(आमच्या गावच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनी केलेलं भाषण. बोलताना दोन-तीन गोष्टी राहून गेल्या होत्या, त्या घातल्यात. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)



अध्यक्षकाकांनी ओळख करून देताना सांगितलं की ही पोरगी वर्षभर भारत फिरून आली. काका, तेवढं खरं नाही. मी बडोदा, इंदूर, हैदराबाद आणि जत एवढंच फिरले. तेही सुट्टी बघून, मिळेल त्या गाडीनं, कुणाच्या तरी नातेवाइकांकडे मुक्काम करून. एमएच्या प्रबंधासाठी विषय घेतला होता, भाषिक अल्पसंख्याकांचे घटनात्मक हक्क. सर म्हणाले, नुसती कलमं लिहून आणलीस तर वाचणार नाही, माणसं बघून ये. बाबांनी भात विकल्यावर थोडे पैसे दिले, बाकीचे मी शिकवण्या घेऊन जमवले.

निघताना पहिला धडा बसमध्येच मिळाला. बेळगावहून निपाणीपर्यंत आधार कार्ड दाखवलं की आम्हा बायकांना शून्य तिकीट. पुढं महाराष्ट्राची एसटी पकडली की सीमेपर्यंत पूर्ण पैसे, सीमा ओलांडली की अर्धं तिकीट. राज्यशास्त्राच्या पुस्तकात सीमा म्हणजे काय यावर एक धडा आहे. कंडक्टरच्या मशीनमध्ये ती जास्त नीट समजते.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट. महाराष्ट्र सरकारनं सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात टाकला २००४ साली. माझा जन्मही २००४ चा. म्हणजे दावा आणि मी एका वयाचे. मी बालवाडीतून एमएपर्यंत आले, तो अजून तिथंच आहे. घरात आज्जी कुणी पाहुणा आला की सांगते, "ही आमची नात, कोर्टाच्या वयाची." लहानपणी मला वाटायचं कोर्ट नावाचा कुणी मुलगा आहे.

या दाव्याच्या सावलीत वाढल्यामुळं मला असं वाटायचं की मराठी माणूस महाराष्ट्राबाहेर म्हणजे सगळा आपल्यासारखाच. बडोद्याला गेल्यावर ते पहिल्यांदा हललं. मैत्रिणीच्या आत्याकडे उतरले होते, दांडिया बाजारात. पहिल्याच दिवशी बाहेर पडताना मी म्हटलं, "आत्या, मी येतो हं." आत्या बघतच राहिल्या. "अगं, मुलगी असून येतो काय? नाटकात काम करतेस का?" मग त्यांना समजावून सांगितलं की आमच्याकडे बायकापण "मी आलो, मी गेलो" म्हणतात, कोल्हापुरापासून बेळगावपर्यंत. त्यांना ते फार गोड वाटलं. पुढचे आठ दिवस त्या शेजारणींना बोलावून मला बोलायला लावायच्या.

त्या घरात मराठी आहे. चांगली, स्वच्छ मराठी. पण ती घरात आहे. नातवाला मराठी बोलता येतं, वाचताना मात्र हिंदीची अक्षरं आठवून वाचतो, कारण शाळेत हाताखालून गेली ती गुजराती लिपी. आत्यांना मी विचारलं, इथल्या सरकारी कचेरीत मराठीत अर्ज चालतो का? त्यांना प्रश्नच कळला नाही. "मराठीत कशाला देऊ? मला गुजराती येतं की."

आधी मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. मग तिथल्या ग्रंथालयात बसून सयाजीराव महाराजांवरचं वाचत गेले. १९०६ मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणारा हा राजा. राजघराणं मराठी, पण प्रजेची भाषा गुजराती म्हणून कारभारात गुजरातीला स्थान दिलं. १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा एक कोश छापून घेतला, श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू नावाचा, त्यात एका इंग्रजी शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी अशा कितीतरी भाषांतले शब्द शेजारी शेजारी दिलेत. तिथला मराठी माणूस राज्यकर्त्यांच्या मागून, नोकरीसाठी, दरबारासाठी गेला. इंदुरात होळकरांच्या मागे, ग्वाल्हेरात शिंद्यांच्या मागे तसाच. गेलेल्या माणसाला तिथली भाषा शिकावी लागते, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

आपण कुठे गेलो नाही. माझे पणजोबा ज्या घरात जन्मले त्याच घरात आज आमची चूल आहे. पणजोबा मुंबई इलाख्यात होते, आजोबा १९५६ नंतर म्हैसूर राज्यात आले, बाबा जन्मापासून कर्नाटकात. दाराची चौकटसुद्धा बदललेली नाही. म्हणून बडोद्याच्या आत्यांना मराठी म्हणजे गणपती, नाटक, लग्नातलं जेवण. आणि आपल्याला मराठी म्हणजे जमिनीचा उतारा, त्याच्यावर आज्याचं नाव काय लिहिलंय ते वाचता येतं की नाही. त्यांचं बरोबर आणि आपलं चूक, किंवा उलट, असं मला म्हणायचं नाही. दोन्हीला "महाराष्ट्राबाहेरचे मराठी" असं एकच नाव देऊन चालत नाही, एवढंच.

इंदूरबद्दल फार सांगत नाही. खाल्लं भरपूर. तिथं हिंदीचीच लिपी देवनागरी असल्यामुळं पोरांना मराठी वाचायला अडत नाही, हा मोठा फायदा आहे आणि त्यांना तो फायदा वाटतच नाही. हैदराबादला मात्र एक मजा झाली. रिक्षावाल्याला मी पत्ता विचारत होते, तो दुसऱ्याला म्हणाला, "नक्को रे, उधरइच जाना." मी चमकून वळले. हा आपला "नको" आणि आपला "च". दखनीत हे आपल्या भाषेतून गेलेत, भाषाशास्त्राची माणसं हे सांगतातच. खरं पुस्तकात वाचणं वेगळं आणि गर्दीत कानावर येणं वेगळं. तिथल्या एका निवृत्त शिक्षकांनी सांगितलं, १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा तिकडे गेला आणि आम्ही शहरात राहिलो. ते हे सांगताना अजिबात दुःखी नव्हते. मला वाटत होतं दुःखी असावेत.

आता जत. हे सांगू की नको असं आजपर्यंत चाललं होतं. आई म्हणाली, गावात बोलू नको, लोक वेगळा अर्थ काढतील. पण सगळ्या वर्षात मला सगळ्यात जास्त जर कुठं शिकायला मिळालं असेल तर ते जतला.

मिरजेपर्यंत रेल्वे, तिथून एसटी. जत तालुक्याचा पूर्वेकडचा भाग कन्नड बोलणारा. तुम्हाला आठवत असेल, २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी तिथल्या गावांवर हक्क सांगितला होता आणि आपल्याकडे किती वातावरण तापलं होतं. माझा अभ्यास राहिला बाजूला, आम्ही नुसते व्हॉट्सअॅपवर भांडत होतो. त्याच गावांकडे मी निघाले होते. स्टँडवर उतरल्यावर चहाच्या गाड्यावर एका आजोबांनी विचारलं, "याव ऊर?" मी कन्नडमध्येच उत्तर दिलं. बेळगावकडची, हे ऐकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "तिकडं पाऊस कसा आहे?" पाण्याचं दुखणं आहे त्या भागाचं. भाषेआधी पाणी.

त्यांच्या घरी नेलं. नात सातवीत, कन्नड माध्यमाच्या शाळेत. तिनं मला पुस्तक दाखवलं. अक्षर कन्नड, आणि छापणारं कोण? पुण्याचं बालभारती. मी ते पुस्तक उलटसुलट करून बघितलं. महाराष्ट्र सरकार कन्नड मुलांसाठी कन्नडमध्ये पुस्तक छापतं, हे मला, सीमाप्रश्नावर प्रबंध लिहिणाऱ्या मुलीला, माहीत नव्हतं. मग त्या घरातले बोलायला लागले. तालुक्याला गेलं की सगळे कागद मराठीत. मास्तर बदलून गेले की दुसरे लवकर येत नाहीत. दहावीनंतर कन्नडमध्ये पुढं काय, कुणाला सांगता येत नाही. त्या मुलीची आई म्हणाली, "आम्ही इथंच होतो. आम्ही कुठं गेलो नाही."

मी वहीत लिहायचं थांबले. हे वाक्य मी आमच्या घरात हजार वेळा ऐकलंय.

महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा. तो महाराष्ट्रानं नाकारला, बेळगाव दिलं नाही म्हणून, आणि ते बरोबरच केलं असं माझं मत अजूनही आहे. त्यांनी खेडं हा घटक सगळीकडे सारखा लावला नाही. पण त्याच अहवालात २६४ गावं महाराष्ट्राकडे द्यायला सांगितली होती, त्यात निपाणी, खानापूर, नंदगड. आणि २४७ गावं कर्नाटकाकडे, त्यात जतचा भाग. म्हणजे कागदावर ती मुलगी आणि मी एकमेकींच्या बदल्यात होतो. ती तिकडे यायची, मी इकडे जायची. आम्ही दोघी त्यांच्या अंगणात बसून शेंगा खात होतो.

आता तुम्ही म्हणाल, मग दावा सोडून द्यायचा का. नाही. असं मी म्हटलेलं नाही, कृपया बाहेर जाऊन तसं सांगू नका. पण जो हक्क मी इथं मागते तो त्या मुलीचाही आहे, हे मान्य केल्याशिवाय मला तो मोठ्यानं मागता येत नाही. आणि दुसरं, जे आपल्याला आज, निकालाच्या आधी, मिळू शकतं ते आपण मागतोय का? इथं मला स्वतःचीच लाज सांगायची आहे.

घटनेचं कलम ३५० असं आहे की कुठल्याही माणसाला आपली तक्रार, आपलं गाऱ्हाणं केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे मांडताना केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेली कुठलीही भाषा वापरता येते. कलम ३५० अ म्हणतं, अल्पसंख्याक गटातल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळेल अशी पुरेशी सोय करायचा प्रयत्न राज्यानं करावा. हे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आलं. त्याशिवाय जिथं अल्पसंख्याक भाषेचे लोक १५ टक्के किंवा जास्त आहेत, तिथं महत्त्वाच्या सूचना, नियम त्या भाषेतही काढावेत हे राज्यांनी मान्य केलेलं धोरण आहे. शाळेत ४० मुलं किंवा एका वर्गात १० मुलं असली तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा, हे तर १९४९ पासून ठरलेलं. धोरण म्हणजे कायदा नव्हे, आणि ३५० ब खाली जो आयुक्त असतो तो अहवाल देतो, हुकूम देऊ शकत नाही. हत्यार बोथट आहे. पण आहे.

आणि मी? प्रबंधात ही कलमं पाठ करून लिहिणाऱ्या मी गेल्या वर्षापर्यंत आयुष्यात एकही सरकारी अर्ज मराठीत दिला नव्हता. उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, रेशन कार्डात नाव, सगळं कन्नडमध्ये. लवकर होतं म्हणून. काळ्या दिनाला फेरीत पुढं, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीवर कन्नडमध्ये अर्ज. मला कन्नड छान येतं, त्या भाषेशी माझं भांडण नाही, माझी जिवाभावाची मैत्रीण कन्नड आहे. प्रश्न असा की मराठीतला अर्जच आला नाही तर मराठी लागते हे कचेरीला कोण सांगणार?

जतहून आल्यावर मी आपल्या शाळेसाठी अर्ज लिहिला. दोन शिक्षकांची जागा आहे, एकच आहेत, ते समोर बसलेत. मराठीत लिहिला, खाली कलम ३५० लिहिलं. ज्या कार्यालयात नेला तिथं बाईंनी बघितला आणि म्हणाल्या, कन्नडमध्ये करून आण. मी म्हटलं, मॅडम, कन्नडमध्येही जोडते हवं तर, पण हा परत घेणार नाही. त्या आत गेल्या, अर्ध्या तासानं आल्या, शिक्का मारला, पोच दिली. भांडण झालं नाही. खरं सांगते, मी भांडायची तयारी करून गेले होते, थोडी निराशाच झाली. दोन महिन्यांनी उत्तर आलं. कन्नडमध्ये. मागणी वरच्या कार्यालयाकडे पाठवली आहे म्हणून.

पण अर्जातली एक ओळ मला खोटी वाटत होती. पटावर चाळीस मुलं नाहीत, आणि पहिलीच्या वर्गात दहाही नाहीत. सकाळी पिवळी व्हॅन येते आणि आपलीच मुलं इंग्रजी शाळेला जातात. ती व्हॅन कुणी बेंगळूरहून पाठवलेली नाही. माझा चुलतभाऊ त्यात मुलाला घालणार आहे, या जूनला. मी वहिनीशी बोलले. वहिनी म्हणाली, "तुझा कोर्टाचा निकाल लागेपर्यंत माझं पोरगं थांबणार काय? तू एमए होऊन कुठली नोकरी मिळवतीस ते आधी दाखव, मग सांग." याला माझ्याकडे उत्तर नाही. प्रबंधात या वाक्याला जागा नव्हती, म्हणून इथं सांगितलं. वहिनी मागे बसल्यात, त्यांची परवानगी घेतली आहे.

गुरुजी, तुमच्या शाळेत मी जूनपासून रोज दुपारी एक तास इंग्रजी शिकवायला येईन, तुम्ही म्हणाल त्या वर्गाला. वहिनीला मी एवढंच सांगू शकले, आणि ती म्हणाली बघू.

अर्जाचे नमुने मी छापून आणलेत, तिथं वर्तमानपत्रांच्या टेबलावर ठेवलेत. उत्पन्नाचा, रहिवासाचा, आणि बसथांब्यावर मराठी पाटीसाठीचा. वर कलम लिहिलेलं आहे, खाली नाव आणि गाव भरायची जागा सोडलीय. नेताना एक करा, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, आणि त्या पोचेची एक झेरॉक्स इथं वाचनालयात आणून द्या. फाईल अध्यक्षकाकांनी दिलीय, निळी. सध्या तिच्यात एकच कागद आहे.