आपली कुळे आणि फिरंगी दप्तर

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात बोरीवली येथे दिलेले व्याख्यान)



कुलवृत्तांत कसा शोधावा हा विषय आमच्याकडे सोपविताना कार्यकारी मंडळाने एक पुस्तीही जोडली आहे. आपल्या काही घराण्यांतून "आमचा मूळ पुरुष फिरंगी होता" अशी वदंता ऐकू येते. तिचा छडा कसा लावावा तेही सांगावे, अशी मंडळाची सूचना आहे. विषय नाजूक आहे. कोणी ही वदंता मिशीवर ताव देऊन सांगतो, तर कोणी ती पोटात दडवितो. आमच्या मते दोन्ही वृत्ती सारख्याच त्याज्य होत. पूर्वज निवडता येत नाहीत. शोधता मात्र येतात.

प्रथम काळाची चौकट ध्यानी घेऊ. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई, साष्टी व मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्याआधीच साष्टी मराठ्यांच्या हाती आली होती. पुढे १७७४ साली इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला व साष्टी बळकाविली. अंधेरी, बोरीवली, घाटकोपर, मुलुंड ही आपली गावे या तिन्ही राजवटींखालून गेली. यास्तव आपल्या कुळांचे कागदही तीन भाषांत आणि तीन दिशांना विखुरलेले आहेत.

शोधाचा आरंभ घरातूनच व्हावा. आम्ही वर्गात मुलांना पणजोबांचे नाव विचारीत असू. चाळीस मुलांत पाच-सहा हात वर होत. घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीस आधी विचारावे, कारण माहेर, सासर, आजोळ यांची स्मृती तिच्यापाशी असते. त्यानंतर ट्रंकेतील खरेदीखते, सनदा, लग्नपत्रिका व जन्मपत्रिका पाहाव्यात. मग सातबारा, फेरफार व मिळकत पत्रिका यांचे उतारे घ्यावेत. फेरफाराच्या नोंदीत मयत खातेदार आणि त्याचे वारस यांची नावे एकत्र सापडतात. १९२० सालापूर्वी सारा साष्टी तालुका ठाणे जिल्ह्यात होता. म्हणून जुन्या नोंदी वांद्र्यास न मिळाल्या तर ठाण्यास विचारणा करावी. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत तर यात्रेस गेलेल्या पुरुषाने आपल्या हाताने लिहिलेली वंशावळ कित्येकदा मिळते.

त्यापलीकडे पेशवाईतील सुमारे पस्तीस वर्षांचे कागद येतात. ते मोडी लिपीत असून पुण्याच्या पेशवे दप्तरात पाहावयास मिळतात. मोडी वाचू शकणारा एक तरुण प्रत्येक घराण्यात तयार झाला पाहिजे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेली 'महिकावतीची बखर' आपल्या प्रांतातील कुळांविषयी पुष्कळ सांगते. मात्र तिचे भाग निरनिराळ्या काळी रचलेले आहेत. यास्तव बखरीतील वंशकथा इतर कागदांशी ताडून मगच स्वीकारावी.

आता फिरंगी दप्तराकडे वळू. पोर्तुगीज अमलात वसई ही उत्तर प्रांताची राजधानी होती. सिमाओ बोतेल्यो या अधिकाऱ्याने १५५४ साली सिद्ध केलेल्या वसुलाच्या पुस्तकात वसईच्या अमलाखालील गावांच्या उत्पन्नाची नोंद असून ते पुस्तक १८६८ साली लिस्बनला छापले गेले. सरकारी कागदांचा मोठा संग्रह पणजीच्या पुराभिलेखागारात आहे. त्याची स्थापना १५९५ सालची, आणि पहिला दप्तरदार दियोगु दु कौतु हा इतिहासकार. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी याच दप्तरात आयुष्य वेचले. लिस्बनच्या तोर्रे दो तोम्बो या राष्ट्रीय दप्तरखान्यातील पुष्कळ कागद आता घरबसल्या संगणकावर पाहता येतात. येथे एक सावधगिरी हवी. गोव्यातही मडगावाभोवतीचा तालुका साष्टी याच नावाचा आहे. तेव्हा कागदात साष्टी दिसली की ती आपली की गोव्याची, हे शेजारच्या गावांच्या नावांवरून आधी ठरवावे.

चर्चच्या नोंदवह्या हे दुसरे साधन. त्रेंत येथील धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाची नोंद आणि बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्ममातापित्यांच्या नावांची नोंद ठेवण्याचा नियम केला. परंतु जुनी चर्चे सारीच टिकली नाहीत. अंधेरीस आज जेथे सीप्झ आहे, तेथील १५७९ सालचे चर्च एकोणिसाव्या शतकात रोगाच्या साथीनंतर ओस पडले; बोरीवलीच्या मंडपेश्वर लेण्यांवरील मठाचेही आज अवशेषच उरले आहेत. म्हणून गावाचे आजचे चर्च न पाहता, त्या काळी ते गाव कोणत्या चर्चकडे होते ते आधी शोधावे आणि तेथील धर्मगुरूंची रीतसर अनुमती घेऊन मगच वह्या पाहाव्यात.

या वह्या वाचताना होणारी सर्वांत मोठी गफलत आडनावाची. बाप्तिस्मा घेणाऱ्यास बहुधा धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूचे आडनाव मिळे. सबब परेरा किंवा डिसोझा या नावावरून युरोपीय रक्त सिद्ध होत नाही. गोराई, मनोरी, मरोळ येथील आपले ख्रिस्ती शेजारी पुष्कळ अंशी याच मातीतल्या कुळांचे वंशज आहेत. किंबहुना काही ठिकाणी ते आणि आपण एकाच मूळ पुरुषाची लेकरे असू. त्यांनी १८८७ साली 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले, तेही कंपनी सरकारशी असलेला जुना संबंध दर्शवून आपले वेगळेपण सांगण्यासाठी. युरोपीय कुळाचा दावा करण्यासाठी नव्हे. गावाचा फिरंगी खोत म्हणजे कुळाचा जनक, असेही समजू नये. पोर्तुगीज सरकार चाकरीच्या मोबदल्यात गावे ठराविक फाळ्याने देत असे, आणि सत्ता गेल्यावर अशी अनेक घराणी गोवा-दमणकडे निघून गेली. त्या काळचे कागद माणसांत भेद करीत: पोर्तुगालहून आलेला 'रैनोल', पोर्तुगीज मातापित्यांपोटी येथे जन्मलेला 'कास्तिसु', मिश्र विवाहाचा 'मेस्तिसु'. यांपैकी एखादा शब्द आपल्या पूर्वजाच्या नावापुढे स्पष्ट लिहिलेला सापडेपर्यंत वदंतेस वदंताच म्हणावे. पगार, चावी, पाव, घमेले हे पोर्तुगीज शब्द आपण रोज वापरतो; तेवढ्यावरून आपण पोर्तुगीज झालो नाही.

इंग्रज पूर्वजाचा शोध त्या मानाने सुगम आहे. मुंबई इलाख्यातील चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या नकला विलायतेस धाडल्या जात. त्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. मुंबईत काळा घोड्याजवळील राज्य पुराभिलेखागार, एशियाटिक सोसायटी आणि झेवियर कॉलेजातील हेरास संस्था येथेही साधने मिळतात.

तरुणांस एक कळकळीची सूचना. "तुमचा पूर्वज पोर्तुगीज होता, तुम्हांस तिकडचे नागरिकत्व मिळवून देतो," असे सांगून पैसे मागणारे दलाल उपनगरांत हिंडत असतात. गोवा, दमण, दीव येथील लोकांचा यासंबंधीचा दावा १९ डिसेंबर १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज अमलातील जन्मनोंदीवर उभा असतो. साष्टीतील तो अंमल १७३९ सालीच संपला. आईबापांनी गाठीला बांधलेले पैसे या वदंतेपायी कोणी गमावू नयेत.

आता थोडे अंकगणित. मनुष्यास दोन आईबाप, चार आजीआजोबा, आठ पणजीपणजोबा. असे दुप्पट करीत गेल्यास दहाव्या पिढीस १०२४ स्थाने होतात. वसईची मोहीम साधारण तितक्याच पिढ्यांमागची. त्या १०२४ जणांत एखादा फिरंगी निघाला, तर त्याचा गर्व कसला आणि लाज तरी कसली? उरलेल्या १०२३ जणांनी येथील खाजणे बांधली, भात लावले, जाळी टाकली. त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत, याची खंत अधिक वाटावयास हवी.

आज गावठाणांतील जुनी घरे पाडून इमारती उठत आहेत. घर रिकामे करताना माळ्यावरची पेटी रद्दीवाल्याकडे जाते, आणि तिच्यासवे शंभर वर्षांची स्मृतीही जाते. म्हणून आमची संस्थेस नम्र विनंती आहे की, प्रत्येक घराण्याकडून एक वही लिहवून घ्यावी, जुन्या कागदांच्या छायाप्रती संस्थेच्या कपाटात जपाव्यात, आणि प्रत्येक नावापुढे ते ऐकीव की कागदावरचे, हे प्रामाणिकपणे नोंदवावे. पुढील संमेलनात अशा पंचवीस वह्या या मेजावर दिसल्या, तर आजच्या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.