एका पेशी-संशोधकाची सुरुवातीची वर्षे

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला बोलायला सांगितलं तेव्हा बहुतेकांना वाटलं असेल की हे गृहस्थ मुदत ठेवींवर नाहीतर मृत्युपत्रावर बोलणार. सारी नोकरी बँकेत झाली, त्यामुळे ती अपेक्षा रास्तच आहे. पण आज मी मूलपेशी, म्हणजे ज्यांना स्टेम सेल म्हणतात, त्या विषयावर आणि त्यांचा अभ्यास करणाऱ्या माणसाच्या सुरुवातीच्या वर्षांवर बोलणार आहे. मी कॉमर्सचा पदवीधर. या विषयातला माझा अधिकार शून्य. तरी का बोलतोय, ते ओघात कळेलच.

आपल्या बी विंगमधली एक मुलगी आपण सगळे ओळखतो. सोसायटीत राहायला आली तेव्हा सहा वर्षांची होती. आज ती जर्मनीत पोस्टडॉक आहे. म्हणजे पीएच.डी. झालेली, पण कायम नोकरी नसलेली. दोन-दोन वर्षांचा करार असतो. गेल्या गणपतीत ती आली होती. मी विचारलं, "तू तिकडे नेमकं करतेस काय गं?" ती म्हणाली, "काका, मी मासे सांभाळते." मला वाटलं चेष्टा करतेय. पण खरंच, झेब्राफिश नावाचे बोटाच्या पेरांएवढे मासे असतात. त्यांचा गर्भ काचेसारखा पारदर्शक असतो. अंडं फलित झाल्यावर साधारण एका दिवसात त्याचं हृदय धडधडू लागतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते डोळ्यांनी दिसतं. या माशाचं शेपूट कापलं तर ते पुन्हा उगवतं. ते कसं उगवतं, हा तिचा विषय. रविवारी माशांना खायला घालायची पाळी असते, ती चुकत नाही.

तिनेच मला शिन्या यामानाका यांच्याबद्दल सांगितलं. मग मी वाचत गेलो.

आधी मूळ प्रश्न काय ते आमच्या भाषेत सांगतो. आपण सगळे एका पेशीपासून सुरू झालो. ती पेशी जेमतेम एक दशांश मिलिमीटरची. तिच्यापासून त्वचा, हाड, मेंदू, हृदय सगळं तयार होतं. गंमत अशी की जवळजवळ प्रत्येक पेशीत पूर्ण शरीराची माहिती असते. समजा, हेड ऑफिसचं संपूर्ण लेजर प्रत्येक शाखेत ठेवलंय, पण प्रत्येक शाखा आपल्यापुरती पानं उघडते आणि बाकीची दोरीनं बांधून ठेवते. त्वचेची शाखा हृदयाची पानं उघडत नाही. मूलपेशी म्हणजे जिची पानं अजून बांधायची राहिली आहेत अशी पेशी. प्रश्न असा होता की एकदा बांधलेली पानं पुन्हा सोडता येतात का?

1962 साली इंग्लंडमध्ये जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक काढून बेडकाच्या अंड्यात घातलं. त्या अंड्याचं स्वतःचं केंद्रक त्यांनी आधीच निकामी केलं होतं. त्यातून पुन्हा पोहणारं पिल्लू तयार झालं. म्हणजे लेजर शाबूत होतं, फक्त बांधलेलं होतं. या गर्डनसाहेबांना शाळेत जीवशास्त्रात शेवटून पहिला नंबर होता. याने शास्त्रज्ञ होण्याची कल्पना हास्यास्पद आहे, असा शिक्षकांनी शेरा दिला होता. तो कागद त्यांनी पुढे फ्रेम करून आपल्या टेबलाजवळ लावला.

त्याच 1962 साली जपानमध्ये ओसाकाजवळ यामानाका जन्मले. वडिलांचा शिवणयंत्राचे भाग बनवणारा छोटा कारखाना होता. वडील म्हणाले, तू कारखाना चालवू नकोस, डॉक्टर हो. हा मुलगा ज्यूडो खेळायचा, हाडं मोडून घ्यायचा, म्हणून हाडांचा डॉक्टर व्हायचं ठरलं. 1987 ला डॉक्टर झाले आणि ओसाकाच्या इस्पितळात उमेदवारी सुरू केली. तिथे लक्षात आलं की हात चालत नाही. इतरांना जी शस्त्रक्रिया अर्ध्या तासात जमायची, तिला यांना कितीतरी जास्त वेळ लागायचा. वरिष्ठांनी नाव ठेवलं 'जामानाका'. जपानीत 'जामा' म्हणजे अडथळा. आपल्याकडे म्हणायचं तर 'अडचणराव'. त्याच काळात वडील यकृताच्या आजाराने गेले. मुलगा डॉक्टर असून काही करू शकला नाही. मणक्याला मार बसलेले आणि संधिवाताने वाकलेले रुग्ण समोर होते आणि उपाय नव्हता. तेव्हा त्यांनी ठरवलं, संशोधनाकडे वळायचं.

1993 ला पीएच.डी. झाली. मासिकांतल्या जाहिराती बघून अमेरिकेत अर्जांवर अर्ज केले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टन संस्थेने घेतलं. तिथे कोलेस्टेरॉल कमी व्हावं म्हणून उंदरांमध्ये एक जीन जास्त चालू केला, तर उंदरांना यकृताच्या गाठी झाल्या. प्रयोग फसला. पण गाठी का झाल्या, याच्या मागे लागता लागता ते मूलपेशींच्या विषयात येऊन पोचले.

1996 ला परत ओसाकाला आले. इथून खरा कठीण काळ. पैसा नाही, मदतनीस नाही, शेकडो उंदरांचे पिंजरे स्वतः साफ करायचे. सहकारी म्हणायचे, उंदरांच्या पेशींपेक्षा औषधाच्या उपयोगाचं काहीतरी करा. मन खचलं, सकाळी उठवेना. संशोधन सोडून पुन्हा हाडांचा डॉक्टर व्हावं, इथपर्यंत विचार आला. वय पस्तिशीतलं, घरात बायको आणि दोन लहान मुली.

मित्रहो, त्या वेळी ते कर्जाला माझ्या टेबलासमोर आले असते तर मी काय केलं असतं? नियमित उत्पन्न नाही, मागचा प्रकल्प फसलेला, पुढच्याची परतफेड कधी ते सांगता येत नाही. मी प्रकरण नामंजूर केलं असतं आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच ठरलं असतं.

1999 ला नारा इथल्या एका नव्या विज्ञान संस्थेने त्यांना जागा दिली. छोटी का होईना, स्वतःची प्रयोगशाळा. त्यांनी विषय घेतला तो कुणीही हसावं असा: त्वचेच्या पेशीला पुन्हा मूलपेशी करायचं. संशयित जीन निवडले 24. काझुतोशी ताकाहाशी नावाचा तरुण, मूळचा इंजिनियरिंगचा विद्यार्थी, हे काम करत होता. एकेक जीन घालून पाहिला, काही होईना. मग त्याने चोवीसच्या चोवीस एकदम घातले आणि काही पेशी मूलपेशींसारख्या झाल्या! आता यातले खरे कोणते? तर दर वेळी एक जीन वगळून पाहायचा. जो वगळल्यावर काम बिघडतं तो गरजेचा. आमच्या वेळी दिवसअखेर टॅली लागली नाही की आम्ही हेच करायचो. एकेक व्हाउचर बाजूला काढून पाहायचो. असं करत शेवटी चार जीन उरले. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, इथे चार लागल्या. 2006 मध्ये उंदराच्या पेशींवर आणि 2007 मध्ये माणसाच्या पेशींवर हे सिद्ध झालं. 2012 ला गर्डन आणि यामानाका यांना मिळून नोबेल मिळालं. त्याचा फोन आला तेव्हा यामानाका घरी कपडे धुण्याचं मशीन दुरुस्त करत होते.

आता आपल्या ज्येष्ठांसाठी एक इशारा, कारण मी स्वतः फसता फसता वाचलोय. माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. एका दवाखान्याने मला 'स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, गुडघा नवा होईल' असं सांगून मोठी रक्कम मागितली होती. मी ठेव मोडायच्या तयारीत होतो. या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "काका, त्यांना विचारा, ही मान्यता असलेली चाचणी आहे का?" मी विचारलं. उत्तर गोलगोल आलं. आपल्या देशाची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही विकारांसाठी होणारं मूलपेशी रोपण सोडलं तर बाकीचे वापर प्रायोगिक समजायचे आणि ते मंजूर चाचणीतच करायचे. यामानाकांच्या चार किल्ल्यांपैकी एक तर कर्करोगाशी संबंधित जीन आहे. म्हणून जपानमध्येही हे काम फार जपून चाललंय. 2014 मध्ये कोबे इथे सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंच्या डोळ्यात अशा पेशींपासून बनवलेला पडदा प्रथम बसवला, तोही चाचणी म्हणूनच. तेव्हा सही करण्याआधी विचारा. लाजू नका.

शेवटी, मी आज का उभा राहिलो ते सांगतो.

नऊ वर्षांपूर्वी ही मुलगी एम.एस्सी. झाली. तिच्या वडिलांनी गेटजवळच्या बाकावर मला विचारलं, "साहेब, संशोधन म्हणतेय, काय करू?" मी म्हणालो, "त्यात काही राम नाही. बँकेची परीक्षा द्यायला लावा." नुसतं बोलून थांबलो नाही, पुस्तकंही आणून दिली. माझ्या शब्दाखातर त्या मुलीने एक वर्ष नको त्या अभ्यासात घालवलं. मग ती तिच्या वाटेने गेली. तिच्या वडिलांनी मला आजवर एका शब्दानेही बोल लावला नाही. ते आज दुसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांच्यासमोर सांगतो, माझं चुकलं.

तिचा करार मार्चमध्ये संपतोय. पुढचं काम मिळेल की नाही, तिलाही माहीत नाही. तिला नोबेल मिळेल असं मी म्हणत नाही. शंभर यामानाकांपैकी नव्याण्णवांची नावं कुणालाच कळत नाहीत, पण पिंजरे सगळ्यांनीच साफ केलेले असतात. एवढंच मागणं आहे की ती सुट्टीत आली की लिफ्टमध्ये तिला "सेटल कधी होणार?" असं विचारू नका. "तुझे मासे कसे आहेत?" असं विचारा. ती दहा मिनिटं आनंदानं बोलेल, आणि तुम्हालाही काहीतरी नवीन कळेल. मला तरी कळलं.